बुर्गीचं फडकं

माझी बहीण बुर्गी जळकी आहे. हे मी तिच्या तोंडावर सांगतो आणि ती नाही म्हणत नाही.

ती आणि ओटिली जुळ्या. एका पाळण्यातल्या, पुढे एका बाकावरच्या. चौथीच्या शेवटी झिर्नगिब्ल मास्तर घरी आले आणि आईला म्हणाले, "ओटिलीला पासाऊ शहरातल्या लॅटिनच्या शाळेत घाला, पुढे कॉलेजात जाईल. बुर्गी इथल्याच शाळेत बरी. पाची बोटं सारखी नसतात." ओटिलीचं शुद्धलेखन जरा बरं होतं, एवढाच काय तो फरक. मास्तरांची कॉफी संपेपर्यंत दहा वर्षांच्या दोन पोरींचं आयुष्य ठरून गेलं. आमच्याकडे हे असंच ठरतं, आणि एकदा ठरलं की पुन्हा कोणी उकरत नाही. बुर्गी मात्र जन्मभर उकरत बसली.

कारण त्या दिवसापासून जेवणानंतरची भांडी तिच्याकडे आली. ओटिली दिव्याखाली पुस्तक घेऊन बसायची आणि आई म्हणायची, "बुर्गी, तूच पूस गं. तिला लॅटिन आहे." मी लहान होतो. मला वाटायचं, लॅटिन हा काहीतरी आजार असावा.

पुढे ओटिलीने पासाऊत औषधांचं दुकान काढलं आणि बुर्गी गावातल्या खाटकाकडे सॉसेज विकायला उभी राहिली. "दोघीही पांढरा कोट घालूनच गिऱ्हाईक बघतो," बुर्गी म्हणायची. "तिच्या कोटाला डाग पडत नाहीत, एवढंच." ओटिलीने नवी गाडी घेतली की हिच्या पोटात दुखायचं. ओटिलीचं लग्न मोडलं, त्या दिवशी हिने केक केला.

मग बुर्गीची लेक फ्रोनी चौथीत गेली. वर्षभर बुर्गीने पोरीला भांडी पुसायच्या फडक्याला हात लावू दिला नाही. पोरगी लॅटिनच्या शाळेत गेलीच पाहिजे!

"शाळेत तिला जायचंय की तुला?" मी विचारलं.

"तू गवंडी आहेस ना? विटा रच."

फ्रोनी त्या शाळेत गेली. बुर्गीने दुकानात येईल त्याला सांगितलं, सॉसेज न घेणाऱ्यालाही.

त्या हिवाळ्यात एका रविवारी ओटिली जेवायला आली. भाजलेलं डुकराचं मांस आणि बटाट्याचे गोळे चापून झाल्यावर मावशी-भाची पुस्तक उघडून बसल्या. लॅटिनमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि खदाखदा हसल्या. बुर्गी भांडी घासत होती. ती वळली.

"काय झालं गं?"

"काही नाही आई. तुला नाही कळायचं."

बुर्गीचं जळणं मला चेहऱ्यावरून ओळखता येतं. पण पोटच्या पोरीवर जळताना मी तिला त्या दिवशीच पाहिलं. तिने ओलं फडकं थेट पुस्तकावर टाकलं.

"ऊठ. भांडी पूस."

"अगं, पण उद्या माझी लॅटिनची परीक्षा आहे!"

मग ओटिली उठली. या घरात तिने कधी फडकं हातात धरलं नव्हतं. तिने ते उचललं, बाह्या वर सारल्या आणि एक ताट घेतलं.

"राहू दे तिला. आण, मी पुसते."

बुर्गीने तिच्या हातातलं ताट हिसकावून घेतलं.

"ठेव ते," ती म्हणाली. "आता हेही तुलाच हवंय का?"