मागच्या चाकाची गळती

सासूबाईंच्या पायाची जखम भरेना, म्हणून आमच्या घरी गाडी आली. त्यांना साखर होती. वाडीत मिरच्यांना पाणी लावताना तळव्यात काटा मोडला. काटा निघाला, पण जखम चिघळत गेली. एक दिवसाआड पालघरला ड्रेसिंगला न्यायचं. चिंचणीहून एसटीनं बोईसर, तिथून पुढे दुसरी एसटी, हे त्या पायानं जमणारं नव्हतं. बोईसर सोडून गावी चाललेल्या एका ओळखीच्या गृहस्थांची जुनी गाडी ह्यांनी घेतली. आमच्या लग्नाहून तिचं वय जास्त होतं.

हे तारापूरच्या एका कारखान्यात फिटर होते. तो बंद पडून चार महिने झाले होते. मी शिक्षिका, शाळा सकाळची. पहाटे उठून स्वयंपाक, मग शाळा, साडेबाराला घरी, दोन घास खाऊन पालघर, परत येऊन पुन्हा चूल. त्या दिवसांत मी कुठेही टेकले की डोळे मिटायचे.

गाडी आली त्याच आठवड्यात मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली. ह्यांनी बोट लावून वास घेतला.

“ब्रेक ऑइल. आतलं रबर गेलंय. किट बदललं की झालं.”

त्यांनी चाक काढलं, ड्रम उतरवला, लहानसा सिलिंडर खोलून जुनी रबरं फेकली, नवी बसवली. मग ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकापाशी. पेडलवर मी.

“दाब.”

“दाबलं.”

“धरून ठेव... सोड. परत दाब.”

प्रत्येक वेळी चाकाजवळची बारीक चावी सैल करून ते बुडबुड्यांसह तेल बाटलीत काढायचे आणि चावी पुन्हा आवळायचे. वीस वेळा, पंचवीस वेळा. मी स्टिअरिंगवर चौथीच्या वह्या ठेवून तपासत होते. एका मुलीच्या बरोबर आलेल्या भागाकाराला मी चुकीची खूण केली, हे दुसऱ्या दिवशी तिनंच दाखवलं.

दहाबारा दिवसांत ओल पुन्हा आली. ह्यांनी पुन्हा किट आणलं, पुन्हा सगळं खोललं, पुन्हा मी पेडलवर. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्या वेळी त्यांनी चाक काढलंच नाही. पालघरला निघण्याआधी बॉनेट उघडायचं, ब्रेक ऑइलच्या डबीत तेल ओतायचं, झाकण लावायचं.

“गॅरेजला दाखवू या का?” मी एकदा विचारलं.

“बावीस वर्षं पंप खोललेत मी,” ते म्हणाले. मी गाडीत जाऊन बसले. वाद घालायलाही अंगात जोर लागतो.

एके दुपारी चिंचणीतून बाहेर पडून खाडीवरचा पूल ओलांडला. उतारावर पुढे गवताच्या पेंढ्यांनी लादलेली बैलगाडी होती. ह्यांनी पेडल दाबलं आणि ते सरळ तळाला गेलं. त्यांनी दोनतीनदा मारून पाहिलं, मग खडाखड गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला, तरी गाडी थांबेना. बैलांच्या अगदी जवळून त्यांनी स्टिअरिंग वळवलं. आम्ही रस्ता सोडून कोरड्या भातखाचरात उतरलो आणि बांधाला धडकून थांबलो.

मी मागे वळले. सासूबाईंचा पाय पुढच्या सीटवर आपटला होता. पट्टी लाल होत होती.

“आई, लागलं?” ह्यांनी विचारलं.

“माजं सोड,” त्या म्हणाल्या. “या पायापायी तुमी दोगं गेला असता.”

हे उतरले आणि बांधावर बसून राहिले. मागून तारापूरच्या कोळीवाड्यातले एक काका मासळीचा टेम्पो घेऊन येत होते. त्यांनी टेम्पो थांबवला, दोर बांधून गाडी रस्त्यावर ओढली आणि सासूबाईंना पुढे बसवून पालघरला नेलं. हे गाडीपाशीच थांबले, मी टेम्पोत मागे मासळीच्या टोपल्यांमध्ये बसले. खरं सांगते, त्या वासातही मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी गाडी कशीबशी घरी ओढून आणली आणि काका पाहायला आले. अंगणात ह्यांनी चाक खोललं होतं. काकांनी सिलिंडरातली रबरं काढून दोन बोटांत दाबली. ती मऊ, फुगलेली होती. मग त्यांची नजर शेजारच्या डब्याकडे गेली.

“हे कशानं धुतोस तू?”

“रॉकेलनं. कारखान्यात सगळं रॉकेलनंच धुवायचो.”

“लोखंडाला चालतं बाबा. ब्रेकच्या रबराला रॉकेल लागलं की ते फुगतं, मंग गळतं. हे ब्रेक ऑइलनंच पुसायचं. एवडं कोनी सांगितलं नाय तुला?”

तीनही वेळा ह्यांनी जीव ओतून, स्वच्छ करकरीत धुऊन ती रबरं बसवली होती. जितकी काळजी जास्त, तितका बिघाड जास्त. काका गेल्यावरही ते हात तसेच काळे ठेवून ओट्यावर बसले होते.

“आई मेली असती,” ते म्हणाले.

त्या वेळी बायकोनं काहीतरी समजुतीचं बोलावं. मी कळशीभर पाणी आणि साबण त्यांच्यापुढे ठेवला आणि भात लावायला आत गेले.

रविवारी त्यांनी बोईसरहून नवं किट आणि ब्रेकच्या नव्या लायनिंग आणल्या, कारण आधीच्या लायनिंग गळलेल्या तेलानं चिंब झाल्या होत्या. नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवून पाहिली. ड्रम पुसला, रबरं ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवली. मी पुन्हा पेडलवर. “दाब, धर, सोड” करता करता पेडल पायाखाली घट्ट लागलं. त्यानंतर त्या चाकाला ओल आली नाही.

जखम मात्र भरली नाही. पावसाळ्यात सासूबाईंच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. ऑपरेशननंतर आम्ही त्यांना घरी आणत होतो. त्या मागे झोपल्या होत्या. उमरोळी गाव मागे पडल्यावर हे म्हणाले, “माझा आता स्वतःवर भरवसा नाही. तू शिकून घे चालवायला.”

“नको,” मी म्हटलं. “मला आणखी एक काम नको.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कधी नव्हे ते त्यांना माझा थकवा दिसला असावा. “बरं,” ते म्हणाले आणि गाडी हळू केली.

मी पाय वर घेतले, खिडकीला डोकं टेकलं आणि घर येईपर्यंत झोपले.