देवीलाल आडे यांची बिनसाखरेची प्रीती

देवीलाल डोंगरसिंग आडे, जन्म १९५६, हयात. महागाव तालुक्यातील एका तांड्याचे रहिवासी. पत्नी बसंतीबाई, जन्म १९६१, याही हयात. आणि त्या तशाच राहाव्यात, ही देवीलाल यांची काळजी हेच पुढील सर्व अनर्थाचे मूळ होय.

देवीलाल यांची उमेदीची वर्षे जिनिंग कारखान्यात कापसाच्या काट्यावर गेली. काटा दाखवील ते वजन. त्यात ना दया, ना माया. मध्यमवयात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पवित्र शास्त्रही त्याच शिस्तीने वाचू लागले. लिहिले आहे तेवढे करायचे, आणि आजच करायचे.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद केले. देवीलाल यांनी ते निमूट मान्य केले. परंतु त्याच आठवड्यातील उपासनेत तरुण पास्टर साहेबांनी प्रेषित पौलाची शिकवण समजावून सांगितली: पतीने पत्नीवर स्वतःच्या शरीराप्रमाणे प्रीती करावी. देवीलाल ताठ बसले. घरी येताच त्यांनी साखरेचा डबा पेटीत ठेवला आणि पेटीला कुलूप घातले.

"हे काहून?" बसंतीबाईंनी विचारले.

"माह्या शरीराले साखर बंद आहे. तुह्यावर माह्या शरीरावानी प्रीती करायची आहे. म्हनून तुलेही बंद."

"अहो, पन मले शुगर नाही!"

"पौलानं तशी काही सूट लिहिली नाही."

प्रीती तेवढ्यावर थांबली नाही. देवीलाल यांचे गुडघे दुखत. म्हणून बसंतीबाईंच्या ठणठणीत गुडघ्यांना तेल लागू लागले. त्यांना दुपारी झोप येई. म्हणून कापूस वेचता वेचता बसंतीबाईंनाही घरी बोलावून निजवण्यात येई. बसंतीबाईंनी दोन महिने सोसले आणि नाताळ जवळ येताच आपला निर्णय जाहीर केला. अख्ख्या ख्रिस्ती मंडळीच्या करंज्या दरवर्षी त्यांच्या चुलीवर तळल्या जात. यंदा कढईच चढणार नव्हती. त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याशी बोलणेही टाकले.

देवीलाल यांची खरी पंचाईत प्रार्थनेत झाली. पूर्वी गुडघे टेकले की शब्द आपोआप येत. आता "हे प्रभो" एवढे झाले की पुढची वाट बंद. प्रेषित पेत्राने बजावले आहे की पत्नीला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल, हेही त्यांना पाठ होते. एका बाजूने पौल ओढत होता, दुसऱ्या बाजूने पेत्र, आणि मध्ये कुलपात साखरेचा डबा. आपण देवाचे ऐकतो तरी देव आपले का ऐकत नाही, या विचाराने म्हातारा सुकत चालला.

अशा स्थितीत नाताळाच्या आदल्या दिवसाची दुपार आली. तांड्याची रीत अशी की त्या दिवशी योसेफ आणि मरीया घरोघर फिरून उतरायला जागा मागतात, सर्वजण 'जागा नाही' म्हणतात आणि शेवटी ती दोघे गोठ्यात येतात. परंतु तांड्यातील तरणी जोडपी दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेली होती. मागे उरलेल्यांत धड चालता येणारे जोडपे एकच होते. देवीलाल यांनी घरच्या कापसाची दाढी लावली. बसंतीबाईंनी लुगड्याआड उशी बांधली आणि एक अक्षर न बोलता त्यांच्यामागे निघाल्या.

पहिले दार लालीबाईंचे. या म्हातारीला खोटे बोलवत नसे.

"जागा तं आहे बाप्पा," त्या म्हणाल्या, "पन पास्टर साहेबानं नाही म्हनायले सांगितलं."

दुसरे दार देवीलाल यांचे चुलतभाऊ अमरसिंग यांचे. "जागा नाही! चाला पुढं!" अमरसिंग गरजले. पण आतून आल्याच्या चहाचा वास आला आणि मरीया थबकली.

"अमरसिंग, त्या चहात साखर आहे का?"

"आहे ना भोजाई. चांगली घसघशीत."

मरीया आत शिरली, बाजेवर बसली आणि कपबशी हातात घेऊन चहा ओढू लागली.

पास्टर साहेब धावत आले. "बाई, तुम्ही इथंच राहिलात तर प्रभूचा जन्म कुठं होईल?"

"आमच्या सैपाकघरात," अमरसिंग म्हणाले. "काय हरकत आहे? गॅस आहे, पंखा आहे."

पास्टर साहेबांना घाम फुटला. तिकडे गोठ्यात मेंढपाळ झालेले म्हातारे ताटकळत होते, आणि खऱ्या शेळ्यांनी गव्हाणीतला चारा खायला आरंभ केला होता.

देवीलाल उंबऱ्याशी आले. "बसंती, चाल. लोक थांबले आहेत."

"गुडघे दुखून राह्यले," कित्येक दिवसांनी उत्तर आले.

"तुह्या गुडघ्याले काय झालं?"

"तुमची शुगर ते माही शुगर ना? मंग तुमचे गुडघे ते माहे गुडघे. जा तुमी एकटेच गोठ्यात."

अंगणभर हशा उसळला. देवीलाल यांनी आशेने पास्टर साहेबांकडे पाहिले.

"काका, बायकोला जपा, एवढाच त्या वचनाचा अर्थ," पास्टर साहेब म्हणाले. "आपला आजार तिला वाटून द्या, असं नाही."

"मंग त्याच रविवारी काहून नाही सांगितलं?"

"मला वाटलं, समजेल."

बसंतीबाईंनी कप खाली ठेवला. "पौलाचं राहू द्या. तुमी सांगा. साखर कायले बंद केली?"

देवीलाल दाढी चाचपू लागले. अखेर ती हातात आली. "तुलेही शुगर झाली," ते हळूच म्हणाले, "अन् तू माह्या आधी गेली, तं मले चहा कोन देईल?"

"बिनसाखरेचा?"

"बिनसाखरेचाच."



"एवढंच होतं तं हे आधी सांगायचं," बसंतीबाई उठत म्हणाल्या. "त्या पौलाच्या मागं कायले लपले? पेटीची किल्ली आना. अन् पुढच्या नाताळाले मरीया पायी चालनार नाही. गाढव पाहिजे."

"देतो," योसेफ म्हणाला.

गोठ्यात पोहोचेपर्यंत शेळ्यांनी गव्हाणी चाटूनपुसून साफ केली होती. बाळाखाली पसरायला काडीही नव्हती. देवीलाल यांनी हातातली दाढी पिंजली आणि गव्हाणीत अंथरली.

पुढे ठरले ते असे. पेटीची किल्ली बसंतीबाईंच्या कमरेला लागली. वर्षातून एकदा रक्त तपासून घेण्याचे त्यांनी नवऱ्याच्या समाधानासाठी कबूल केले, आणि ते पहिल्या खेपेला बिनसाखरेचे निघाले आहे. करंज्या त्याच संध्याकाळी तळल्या गेल्या. देवीलाल यांच्या वाट्याला फक्त कडा आल्या. प्रार्थना 'हे प्रभो'च्या पुढे सरकली. गाढव मात्र अद्याप देणे आहे. महागावच्या बाजारात चौकशी चालू असून, अमरसिंग यांनी त्या जागी स्वतः उभे राहण्याची तयारी दाखवली आहे; बसंतीबाईंना ते मान्य नाही.