न पाहिलेलं नाटक

आज टीव्हीवर पुढच्या आठवड्यातल्या नाटकांची झलक लागली आणि भोरच्या बाजारातलं चहाचं हॉटेल आठवलं. सत्तरच्या दशकात तालुक्यात टीव्ही नवाच होता. बाजार उरकला की आत्या आणि मी तिथला टीव्ही बघायला हॉटेलच्या दारात उभ्या राहायचो. काखेतल्या रिकाम्या पोत्याला नाचणीचा वास, आतून उकळत्या चहाचा. निवेदिका येणारी नाटकं सांगायची, तेवढ्यात आमच्या गावची, हिर्डोशीची शेवटची यष्टी लागायची. त्यामुळे नाटक एकही पाहिलं नाही. आत्याच ते गाडीत रचून सांगायची.

एकदा पडद्यावर उंबऱ्यात बसलेली बाई दिसली.

“आत्या, ती का बसलीया?” मी गाडीत विचारलं.

“दादला मुंबैला गेलाय तिचा. येतोय की त्यो, सांजच्या यष्टीनं.”

आत्याचे यजमान मुंबईला गेले ते परतलेच नव्हते. मला ते ठाऊक होतं, तरी मी उत्साहानं विचारलं, “मग?” आत्यानं रिकाम्या पोत्याची घडी घालून मांडीवर घेतली.

आता नाटकं शेवटपर्यंत बघायला मी मोकळी आहे. आजच्या झलकेत एक म्हातारी फोनपाशी बसली होती. मी टीव्ही बंद केला आणि रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणाले, “ल्योक लांब गेलाय तिचा. करतोय की त्यो फोन, जेवण झालं की.”