एकशे बारावं पान

माझी मालिका तिसऱ्या भागातच संपली होती. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरीही मी पुढचे चार भाग लिहिले.

गोष्ट जालन्यातल्याच एका सोळा वर्षांच्या मुलीची. लोखंडाच्या कारखान्यांत भट्ट्यांखाली आगीची माणसं राहतात, ती फक्त हिलाच दिसतात. तिसऱ्याच्या शेवटी ती त्यांचं दार कायमचं लावून घेते आणि दुसऱ्या दिवशी चारचौघींसारखी दहावीच्या पेपरला जाऊन बसते. मुलांची पत्रं आली. प्रकाशक म्हणाले, मुलांना अजून हवंय, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. चौथ्यात त्या दाराला दुसरी किल्ली निघाली. पाचव्यात मेलेला भाऊ परत आला. सहाव्यात जुळी बहीण उपटली. सातव्यात काय झालं ते मला पुस्तक उघडल्याशिवाय सांगता येत नाही. मुलगी अजून सोळाचीच आहे, गुडघे माझे दुखायला लागले.

आठव्याचं शनिवारपर्यंत कळवा, असं प्रकाशकांनी बजावलं होतं. हो म्हटलं की दोन वर्षं गेली. आणि त्या दोन वर्षांवर आणखी एका पुस्तकाचा हक्क होता. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. जालना-जाफराबाद गाडीवर त्यांची निम्मी नोकरी गेली. पहिला भाग छापून आला तेव्हा, पुढचं पुस्तक तुमच्या गाडीवर लिहीन, असं मी त्यांना कबूल केलं होतं. आता ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. त्यांनी त्या पुस्तकाची आठवण एकदाही करून दिली नाही, आणि मीही सोयीने विसरले.

शुक्रवारी शाळेत शिकवून झाल्यावर मी मस्तगडच्या वाचनालयात गेले. सातव्या भागाची माझी प्रत कुणीतरी नेलेली, आणि त्यात शेवटी कोण कोण जिवंत राहिलं हे तरी पाहायला हवं होतं. या वाचनालयात एक जुनी खोड आहे. जुने वाचक आपापलं एक पान ठरवून ठेवतात आणि पुस्तक वाचून झालं की त्या पानावर बारीक खूण करतात, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा चुकून घरी येत नाही. कुणाचा गोल, कुणाची फुली. ग्रंथपालबाई ओरडतात, कुणी ऐकत नाही. माझ्या पहिल्या तीन भागांत खुणाच खुणा होत्या. चौथ्यात मोजक्या. सहावा जवळजवळ कोरा. वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

मग त्याच सहाव्याच्या एकशे बाराव्या पानावर, आकड्याखाली, पेन्सिलीची एक आडवी रेघ दिसली. एकशे बारा हा वडिलांच्या बिल्ल्याचा नंबर. तो पितळी बिल्ला लहानपणी मीच चिंचेने घासायचे. मी दिलेल्या प्रती ते कव्हर घालून कपाटात ठेवत, हे मला माहीत होतं. वाचायला मात्र ते वाचनालयातून नेत होते, लेकीच्या पुस्तकाला मागणी आहे असं दिसावं म्हणून.

मी सगळे भाग काढून पाहिले. पाचव्यापर्यंत रेघ सरळ होती. सहाव्यात जराशी घसरलेली. सातव्यात आकडा एकीकडे आणि रेघ पार खालच्या कोपऱ्यात, तीही दोनदा ओढलेली. मी तिथल्या बाकावर बसून राहिले. मला माझी लाज वाटत होती.

वडील दोन गल्ल्या पलीकडे राहतात. पलंगावर भिंग घेऊन पेपरातले मथळे वाचत होते. मी विचारलं, "बाबा, सातही भाग वाचले तुम्ही?"

"वाचले."

"कसे वाटले?"

"पोरगी पेपरला गेल्ती ना, तिथंच संपलं होतं बाई. पुढं तू रिकामी गाडी पळवून राह्यली. सीट एक न्हाई."

"मंग वाचले कशाला? डोळे असे असताना?"

"तू लिहून राह्यली म्हणून. शेवटच्या स्टॉपपर्यंत कोणीतरी बसायला पाहिजे ना गाडीत."

आता किती दिसतं, असं मी विचारलं. मोठं अक्षर दिसतं, सकाळच्या उजेडात, म्हणाले. किती दिवस दिसेल ते डॉक्टरला विचारायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

मी तिथूनच प्रकाशकांना फोन लावला आणि आठवा भाग होणार नाही म्हणून सांगितलं. ते बराच वेळ मुलांबद्दल बोलत राहिले. मी ऐकून घेतलं, भांडायचं त्राण नव्हतं. फोन ठेवून वडिलांना म्हटलं, "जाफराबादची गाडी लिहिते, उद्यापासून. तुम्ही सांगाल ना?"

त्यांनी भिंग सदऱ्याला पुसून खिशात ठेवलं.

"सांगतो, बराबर सांगतो. फक्त जल्दी लिही. अन् अक्षर मोठं काढ."