नानांनी परत घेतलेला अर्ज

शंकरनाना गेल्याची बातमी मला फ्लेक्सवरून कळली. मी सांगलीत कॉलेजच्या वाचनालयात बसले होते आणि गावच्या ग्रुपवर फोटो आला. वर गावच्या पुढाऱ्याचा हात जोडलेला भलामोठा चेहरा, त्याच्याखाली गॉगल लावलेले चार कार्यकर्ते, आणि खाली कोपऱ्यात नाना. चेहरा त्यांच्याच कुठल्यातरी जुन्या फोटोतला होता, पण मानेखालचं अंग दुसऱ्याच कुणाचं तरी होतं, कडक इस्त्रीच्या गणवेशातलं, आणि त्या परक्या छातीवर सात पदकं होती. नानांची पदकं तीन. मी आधी रडले नाही, आधी ती पदकं मोजली. मग जी शिसारी आली ती पाच आठवडे झाले तरी गेलेली नाही… आठवणी लिहायला बसले की तीच आधी वर येते. एखाद्याला हे बरं वाटणार नाही, पण मला दुसरं काही लिहिता येईना.

नाना आमचे शेजारी. आमचं गाव उंब्रजपासून थोडं आत आहे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी सांगलीला बी.ए.ला गेले तेव्हापासून नाना मला 'कलेक्टरीणबाई' म्हणू लागले. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि डाव्या पायाने लंगडायचे. उत्तरेतल्या बर्फातल्या एका चौकीवर तोफगोळ्याचा तुकडा त्यांच्या मांडीत घुसला होता. अशा जखमी जवानाला एक पदक मिळतं. नानांना ते मिळालं नाही, कारण ते जखमी झाले अशी नोंदच त्यांच्या कागदपत्रांत नव्हती. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत आहे, त्यामुळे गावात पदकं नुसती बघत नाहीत, वाचतात. फितीचा रंग बघून लहान पोरंसुद्धा सांगतात की हा माणूस कुठे होता आणि त्याने काय केलं. आणि फीत नसली, तर ती गोष्ट झालीच नाही असं धरून चालतात. झेंडावंदनाला माजी सैनिक पदकं लावून पुढच्या खुर्च्यांवर बसायचे. नाना साध्या पांढऱ्या सदऱ्यावर मागे उभे राहायचे. त्यांचा पाय उसाच्या ट्रॉलीवरून पडून मोडला, अशी गावात चेष्टा चालायची. एका वर्षी हाच पुढारी माईकवरून म्हणाला, "नाना, म्होरं या की! का ट्रॉलीवरनं पडल्याचं पदक अजून आलं न्हाई?" सगळं मैदान हसलं. नानाही हसले. "वाटंत हाय, यील," म्हणाले. त्याच संध्याकाळी ते आमच्या दारात आले. "पोरी, तुला इंग्रजी येतं न्हवं? एक अर्ज लिवायचा हाय. कागदावर एकदा खरं यावं, बास."

तेव्हापासून मी त्यांचे अर्ज लिहू लागले. नोंद दुरुस्त करावी आणि राहिलेलं पदक मिळावं, एवढीच मागणी. दोन-चार महिन्यांनी उत्तर यायचं की उपलब्ध कागदपत्रांत अशी नोंद आढळत नाही. एकदा आम्ही साताऱ्याच्या एका कार्यालयात प्रत्यक्ष गेलो. टेबलामागचा माणूस मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "आजोबा, एवढी वर्षं झोपला होता काय? पाय काय, शेतातपण मोडतो." नानांनी तिथेच वाकून पायजमा मांडीपर्यंत ओढला आणि व्रण दाखवला. चामडी दोरीसारखी पिळलेली होती. तो माणूस तोंड फिरवून म्हणाला, "झाका ते. डबा खायची वेळ झालीय."

परतताना उंब्रजच्या स्टँडवर चहा घेताना मी विचारलं, की नाना, एवढी मोठी जखम, मग नोंद कशी नाही झाली? त्यांनी कप खाली ठेवला. "माझा थोरला भाऊ लढाईत गेला, तवा घरला तार आल्याली. तवापास्नं आई पोस्टमन दिसला की आत जाऊन दार लावून घ्यायची. मला लागलं तवा आपला लोणंदचा मारुती आमचा क्लार्क व्हता. रिपोर्ट लिवायला बसला. रिपोर्ट गेला की घरला तार जाणार. म्हनलं, गड्या, नगं धाडू. मी जित्ता हाय न्हवं? पर म्हातारी तार वाचायच्या आदी खपंल. त्यानं माझ्यासमोर कागद फाडला. चौकीवरच टाकं घातलं, झालं."

"नाना, मग हेच लिहू या की!"

"आजाबात न्हाई. मारुती पेन्शन खातोय सुखानं. माझ्यापायी त्येच्या म्हातारपणात चौकशी? ह्ये तुझ्या पोटात ठेव."

मी ते पोटात ठेवलं नाही. पुढचा अर्ज दोन पानी लिहिला. मला वाटत होतं की एवढं खरं कारण वाचून कुणालाही पाझर फुटेल. त्यात आई होती, तार होती, आणि मारुती क्लार्कचं नाव आणि गावही होतं. नानांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. सही करताना ते म्हणाले, "ह्यो लय लांब झालाय गं." मी म्हटलं, "तसाच लागतो, नाना." माझ्या शिक्षणाचा उपयोग मी असा केला. या लेखात ज्यांची किळस मी मांडते आहे, त्यांच्या रांगेत मला स्वतःलाही उभं करावं लागतं.

उत्तर आलं तेव्हा माझी परीक्षा चालू होती. नानांनी ते उंब्रजच्या एका वकिलाकडून वाचून घेतलं. संबंधित क्लार्कने अहवाल का पाठवला नाही याचा त्याच्याकडून लेखी खुलासा आणावा, असं त्यात होतं. सुट्टीत गेले तर नाना ओट्यावर तो कागद घेऊन बसलेले. "मारुतीचं नाव त्यास्नी कुणी सांगितलं?" त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. "खाली सही माझी हाय. म्हंजे मीच सांगितलं." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "लिव. अर्ज परत घेतो म्हणून. आन ह्या टायमाला मराठीत लिव. मला वाचता यील आसं." मी लिहिलं. त्यांनी एकेका ओळीखाली बोट फिरवत ते दोनदा वाचलं आणि मग सही केली. त्या अर्जाचं उत्तर आठ दिवसांत आलं. इतक्या वर्षांत तेवढंच एक झटपट आलं. प्रकरण बंद करण्यात आलं आहे.

त्यानंतर त्यांनी माझ्याशी अबोला धरला नाही. मी गेले की चहा ठेवायला सांगायचे, अभ्यास विचारायचे. फक्त 'कलेक्टरीणबाई' म्हणणं थांबलं.

दहाव्याला मी घाटावर गेले. पुढारी माईक घेऊन नानांच्या शौर्यावर बोलत होता. ट्रॉली अर्थातच त्याच्या भाषणात नव्हती. तेवढ्यात रिक्षातून एक वाकलेले म्हातारे गृहस्थ उतरले, घाटावरही लावलेल्या त्याच फ्लेक्ससमोर उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "ह्ये धड कुणाचं लावलंया?" ते लोणंदचे मारुतीआबा होते. पुढारी खाली आला. "आबा, आदर म्हणून केलंय." आबा म्हणाले, "त्येचं एकच राह्यलं व्हतं. तुमी सात डकवली. लाज वाटू द्या." लोक इकडेतिकडे बघू लागले.

मी त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "आगं, मला एक फोन करायचा की! ह्या वयात माझं कोण काय वाकडं करणार हाय? आन केलं आस्तं तर केलं आस्तं. त्याची आई त्यानंतर वीस वर्सं जगली, मला त्याचा पस्तावा न्हाई. मी लिवून दिलं आस्तं. मला कुणी इचारलंच न्हाई." खरंच होतं. नानांनी आबांना विचारलं नाही, आणि मी नानांना विचारलं नाही.

आबांनी नानांच्या घरी बसून ते सगळं लिहून काढलं, जुन्या क्लार्कच्या सरळ अक्षरात, खाली नंबर, हुद्दा, नाव. माझ्या मनात आलं की आता हा कागद जोडून पुन्हा अर्ज करता येईल. मी तसं म्हणालेसुद्धा. नानांच्या पत्नी, आमच्या आक्का, मानेनेच नको म्हणाल्या. "त्यांनी परत घेतलाय. मी कशी देऊ?" मग आत जाऊन त्यांनी ट्रंकेतून एक काळा कोट आणला. तो मी कधी पाहिला नव्हता. डाव्या बाजूला तीन पदकं ओळीने होती आणि त्यांच्या अगोदर, मानाच्या पहिल्या जागी, चौथ्यासाठी दोऱ्याचं एक रिकामं घर शिवलेलं होतं. आक्का म्हणाल्या, "दर झेंडावंदनाला काढायचे, ब्रश मारायचे, आन परत ठेवायचे. पयलं आल्याबिगार दुसरी लावून कसा जाऊ, म्हणायचे."

पुढारी तोवर चहाला आलाच होता. कोट हातात घेऊन म्हणाला, "गावच्या हॉलमदी काचंत ठिवू, आक्का. आन ह्ये एक आणून लावू. सातारला दुकानात मिळत्यात. मोकळं बरं दिसत न्हाई." आक्कांनी कोट त्याच्या हातातून काढून घेतला. "मोकळंच दिसू दे," म्हणाल्या.

आता तो कोट ट्रंकेत नसतो. सोप्यात, दारातून आत येताच दिसेल अशा खुंटीवर असतो, आणि आबांचा कागद त्याच्या छातीच्या खिशात असतो. सरकारी नोंद होती तशीच आहे. पण आमच्या गावाला पदकं वाचता येतात, त्यामुळे येणारा माणूस पहिल्या रिकाम्या जागेशी अडतो. परवा मी गेले तेव्हा त्या मैदानात पुढच्या खुर्चीवर बसून हसलेले दोन माजी सैनिक तिथे उभे होते. एकाने कागद वाचला, घडी न घालताच दुसऱ्याकडे दिला. आक्का आतून तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "वाचून झाला की परत खिशात ठेवा. अजून लय जणांचा वाचायचा राह्यलाय."