कार्डावरची पंच्याहत्तरी

गेणभाऊंचं म्हातारपण शाळेच्या पडवीत, एका टेबलावर लिहिलं गेलं. त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. आहुपे गावाच्या खालच्या अंगाला त्यांची वाडी. तिथं आधार कार्ड काढणारा माणूस मशीन घेऊन आला आणि त्यानं विचारलं, "जन्मसाल?" गेणभाऊंना ते कुठून ठाऊक असणार! पण चारचौघांत अडाणी दिसायची लाज वाटली. म्हणाले, "तुमाला दिसतंयच की. लिहा."

त्यांचे केस पंचविशीतच पिकायला लागलेले. त्या माणसानं ते पांढरंफेक डोकं पाहिलं आणि एक जानेवारी एकोणीसशे एकोणपन्नास ठोकून दिलं. कागदाचं काय जातंय? त्याला थोडाच दम लागतो!

वाडीला मात्र चेष्टेला विषय मिळाला. गेणभाऊंचे थोरले भाऊ भिमाजी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, पण कार्डावर धाकटाच दहा वर्षांनी थोरला. गेणभाऊही हसायचे. हिरड्यावर चढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. वैशाखात अनवाणी पायांनी शेंड्यापर्यंत जायचे, फांद्या झोडायचे आणि खाली बायको कुशाबाई पडलेली कोवळी फळं, म्हणजे बाळहिरडा, वेचायची. साठी उलटली तरी त्यांचा पाय कधी थरथरला नाही.

मग गेल्या वर्षीचा जानेवारी उजाडला आणि कागद पंच्याहत्तरचा झाला. पंच्याहत्तरीपुढं एसटी फुकट. घोडेगावच्या बाजाराला जाताना गेणभाऊंनी एसटीत कार्ड काढलं. कंडक्टरनं ते उलटसुलट करून पाहिलं, मग गेणभाऊंना पाहिलं. "पावणं, तुमचंच हाय ना? पंच्याहत्तरचे वाटत न्हाई तुमी!"

सगळी गाडी वळून बघायला लागली. गेणभाऊ खुशीत फुकट तिकीट खिशात घालून खिडकीशी बसले. पण डिंभे धरणाचं पाणी दिसेपर्यंत ती खुशी कुठल्या कुठं गेली. त्यांचा बाप सत्तरीत गेला, असं सगळे सांगत. म्हणजे आपण पाच वर्षं वरची जगतोय की काय? हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेचना.

त्या वैशाखात ते झाडावर चढले नाहीत. "ह्या वयात पडलो बिडलो म्हंजे?" म्हणाले, आणि ओट्यावर बसले. भाताच्या आवणीलाही बसूनच राहिले. लग्नाकार्यात लोक उठून खुर्ची देत, ते निमूट बसत. भाद्रपदात पाणवठ्याची चढण चढताना छाती भरून आली. कुशाबाईला त्यांनी सांगितलंच नाही. पंच्याहत्तरीत छाती भरून येणारच, त्यात सांगायचं काय! दिवाळीला पाय सुजले. अंगठ्यानं दाबलं की खड्डा पडायचा आणि कितीतरी वेळ तसाच राहायचा.

कुशाबाई घाबरली. "दवाखान्यात चला."

"म्हातारपणाला गोळी असती व्हय गं?" म्हणून त्यांनी गोधडी पायांवर ओढली. मला या माणसाचा राग येतो तो इथं. दुखणं दारात येऊन उभं होतं आणि हे त्याला वय म्हणून घरात घेत होते.

यंदाचा वैशाख आला तोवर त्यांना आडवं झोपता येईना. उशाला कांबळं रचून बसल्या बसल्याच डोळा लागायचा. एका सकाळी मागच्या हिरड्यावर फांद्या झोडल्याचा आवाज आला. वर भिमाजी होते. उतरून, घाम पुसत ते भावापाशी आले.

"दादा, तुजं बरं हाय. माजी पंच्याहत्तरी गेली."

भिमाजी एकदम उखडले. "कुणाची पंच्याहत्तरी? बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडाया जायचो. तू माज्यामागं रडत आलास, तर मुकादमानं हाकलून लावलं, म्हनला दहा वर्साचं पोर हाय. त्या कार्डापरमानं तू तवा तेवीसचा बाप्या व्हतास! आसल्या बाप्याला मुकादम हाकलंल व्हय?"

गेणभाऊंना ती खडी आठवली, मुकादमाची छत्री आठवली, आपली आखूड चड्डी आठवली. त्रेसष्ट! मग ही छाती, हे पाय कशानं? ज्याला ते आठ महिने वय म्हणत होते त्याला आता नावच उरलं नाही, आणि त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. त्यांना मरायचं नव्हतं. "कुशे, पिशवी भर," ते म्हणाले. "दवाखान्यात जायचं."

फाट्यापर्यंतच्या वाटेवर ते सात वेळा बसले. चपला सुजल्या पायांत जाईनात, म्हणून कुशाबाईनं त्या हातात घेतल्या होत्या. गाडी आली. भिमाजींनी काखेत हात घालून त्यांना वर चढवलं.

गेणभाऊंनी कार्ड काढलं नाही. सदऱ्याच्या खिशातली नोट काढून पुढं धरली. "घोडेगाव. माजं... फुल द्या."

कंडक्टर तोच होता. त्यानं त्यांना ओळखलं नाही. कार्डही मागितलं नाही. त्यानं एकदा त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि नोट त्यांच्या मुठीत परत कोंबली.

"कशाला चेष्टा करता आजोबा?" तो म्हणाला. "ए, उठा रं कुणीतरी, लई म्हातारा मानूस हाय."