खोक्यातल्या होडीची ओटी

मुलीने खोकं पाठवलं तेव्हा मी कुरिअरवाल्याला ते परत न्यायला सांगत होतो. वर जहाजाचं चित्र होतं. मला वाटलं, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी मुलासाठी काही मागवलं असेल. तो म्हणाला, "काका, नाव तुमचंच आहे, सही करा." सही केली, खोकं सोफ्यावर टाकलं आणि मुलीला फोन लावला. ती द्रोणागिरीला असते. जावई तिथे गोडाऊनला सुपरवायझर आहे.

"हे काय पाठवलंस?"

"होडीचं किट आहे, बाबा. लाकडाचे तुकडे जोडून होडी करायची. दिवसभर भिंतीकडे बघत बसतोस, हाताला काम नको?"

"मी काय बालवाडीत आहे?"

"मोठी माणसंच करतात ते. आणि तू खाडीवाला ना? मग दाखव करून."

असं खोचून बोलायची सवय तिने आईकडून घेतली आहे. आई तर फोनशिवायच खोचायची.

बायको थंडीत गेली. खोकं आलं तेव्हा आंब्याचे दिवस होते. आंबा मी आणलाच नव्हता. एकट्याने आंबा काय खायचा. रस काढायचा तर दोन माणसं लागतात, एक पिळायला आणि एक नावं ठेवायला.

आमचं गाव जुईनगर स्टेशनच्या पलीकडे. गाव म्हणायचं म्हणून म्हणतो, आता सगळ्या बिल्डिंगा आहेत. आमच्याही घराची झाली. माझ्या बापाची होडी होती आणि लग्नाच्या आधी मीही ती खाडीत घातली आहे. पुढे मी तळोज्याला केमिकल कंपनीत फिटर म्हणून लागलो, बाप थकला, खाडीतली मासळी गेली आणि होडी चिखलात बसून कुजली. त्याचं मी रडत नाही. कंपनीने पोट भरलं, होडीने भरलं नसतं.

बायको मात्र मासळीची होती. दुसऱ्यांच्या होडीवरून माल घ्यायची आणि बाजारात बसायची. नारळी पौर्णिमेला आमच्याकडे होडीची पूजा होते आणि घरची सवाष्ण होडीची ओटी भरते. होडी ही घरची लेक. वर्षभर पाण्यात जायची, तिला रिकामी कशी पाठवायची? आमची होडी लग्नाआधीच गेली होती, म्हणून बायको आमच्या नाखव्याच्या होडीची ओटी भरायची. नाखवा म्हणजे होडीचा मालक, माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याची बायको फार आधी गेली. माझी बायको दरवर्षी काठपदराचं लुगडं नेसून जेटीवर जायची, त्याच्या होडीची ओटी मनापासून भरायची आणि घरी येऊन पाय धुताना म्हणायची, "भरली बाय दुसऱ्याच्या होडीची."

हॉस्पिटलातही ती एकदा म्हणाली, "आपल्या होडीची एकदा भरायची रायली." बाजारातून कोथिंबीर आणायची राहिली तर बाई बोलते ना, तशी. मग मला विचारलं, गॅस बंद करून आलात ना?

खोकं मी तीन-चार दिवस उघडलं नाही. उघडलं तेव्हा सगळ्यात वर होडीचा कणा होता, मशीनने कापलेला, पातळ, हाताएवढा लांब. तो मी उचलला आणि डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघितला. सरळ होता. त्याच मिनिटाला मी ठरवलं. औंदा नारळी पौर्णिमेला आपल्या घरच्या होडीची ओटी भरायची. बायको नाही तर तिची लेक भरेल.

दुसऱ्या दिवशी जेटीवर गेलो. नाखवा जाळं शिवत बसला होता.

"नाखवा, औंदा मी पन होडी आनतोय पुनवेला."

"कोनाची?"

"माजी."

मी त्याला मोबाईलवर खोक्याचा फोटो दाखवला. त्याने मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"ही होडी हाय का चप्पल?"

"लाकडाची हाय. तिची ओटी भरायची हाय."

तो हसत होता तो थांबला. कोणासाठी ते त्याला सांगायची गरज नव्हती. सुईत दोरा घालून झाल्यावर म्हणाला, "भर. पन येक सांगतो. पान्यात उभी रायली तर ती होडी. आडवी झाली तर शोपीस. आनि शोपीसची ओटी कोन भरत नाय. दर्याच्या समोर खेळ नको."

"उभी राईल."

"बगू."

त्याचं बरोबर होतं, म्हणून मी वाद घातला नाही. खोक्यावर मात्र काचेच्या कपाटात ठेवलेल्या होडीचं चित्र होतं. पाण्याचा एक थेंब त्या चित्रात कुठे नव्हता.

काम सोपं होतं. नवशिक्याला अवघड जातं म्हणतात. मला गेलं नाही. आयुष्यभर पंप खोलून परत बसवले आहेत, कुठला तुकडा कुठे जातो ते तुकडाच सांगतो. कण्याच्या खाचांत बरगड्या बसवल्या, गोंद लावला, दोऱ्याने गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहेत का बघितलं. सोबत इंग्रजीतला कागद होता, तो मी टीव्हीखाली ठेवला. चित्रं तेवढी बघितली.

मग बाहेरून लाकडी पट्ट्या लावायच्या होत्या. पट्ट्या पाण्यात भिजवायच्या, वाकवायच्या आणि गोंद सुकेपर्यंत धरून ठेवायच्या. धरायला बायकोचे कपड्यांचे चिमटे घेतले. सगळे लागले. त्या आठवड्यात दोरीवरचा माझा लेंगा उडून समोरच्या बिल्डिंगच्या एसीवर जाऊन बसला, वॉचमनने तो काठीने काढून दिला. मी त्याला सांगितलं, चिमटे कामावर गेलेत.

मुलीने व्हिडिओ कॉल केला.

"बाबा, तो कागद दाखव बघू. थांब, हलवू नको. अरे, पहिली पट्टी वर लावायची आहे, डेकच्या जवळ. मग खाली खाली यायचं."

"वरून खाली?"

"असं लिहिलंय."

"भिंत वरून खाली बांधतात का? माझ्या बापाची होडी गावातल्या सुताराने माझ्यासमोर बांधली. कण्यापासून वर. खालची फळी बसली की तिच्या आधाराने वरची. लिहिणाऱ्याला चिखलात उभं कर एकदा."

"ते खऱ्या होडीचं झालं, बाबा."

"मी खरीच करतोय."

ती म्हणाली, "कर बाबा, तुझं खरं," आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

मी कण्यापासून वर लावत गेलो. छान बसत होत्या. दोन्ही टोकांना पट्ट्या वरपर्यंत पोचल्या तेव्हा मला कळलं. होडी पोटाला फुगलेली, टोकाला बारीक. टोकाशी जागा संपली, पोटाशी उरली. मधोमध दोन्ही बाजूंना फट राहिली, हसणाऱ्या तोंडासारखी. गावचा सुतार प्रत्येक फळी टोकाला तासून बारीक करायचा. ते मी बघितलं होतं, पण तेव्हा माझं लक्ष फळीवर कमी आणि त्याच्या विडीवर जास्त असायचं.

नाखवा घरी आला होता, त्याने ती फट बघितली. फटीत बोट घालून म्हणाला, "वारा चांगला येल."

"चा पी आनि जा."

उखडून पुन्हा लावायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. श्रावण लागला होता. उरलेल्या पट्ट्यांच्या मी दोन्ही टोकांना निमुळत्या पाचरी कापल्या आणि फटीत एकेक करून बसवल्या. बाहेरून हात फिरवला तर कळतं, बघून कळत नाही. पॉलिश पेपरने घासल्यावर तर मलाही शोधावं लागलं.

पाणी अडवायला रंगाच्या दुकानात लांबी, म्हणजे पुट्टी, मिळते, ती भरून वरून रंग मारायचा असं दुकानदार म्हणाला. मी नाही घेतली. भिंतीचा माल भिंतीला. पूजेच्या दुकानातून राळ आणली, तेलात घालून गॅसवर वितळवली. मेडिकलमधला कापूस वळून त्यात बुडवला आणि सुरीच्या पाठीने सांध्यांत दाबत गेलो. आमच्या होड्यांचे सांधे असेच बंद करत. घरभर वास सुटला. वरच्या मजल्यावरची बाई जिना उतरून विचारायला आली, "काका, काही जळलं का?" तिला म्हटलं, नाही, होडी करतोय. ती बिचारी वर गेली. मी सगळ्या खिडक्या बंद केल्या. वास जाऊ द्यायचा नव्हता.

डेक बसवला, डोलकाठी उभी केली. चित्रापेक्षा चांगली झाली होती, हे मी सांगायला लाजत नाही. नाखव्याला फोन करून बोलावलं आणि बाथरूममधला मोठा टब भरला. होडी दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवली आणि सोडली.

ती सरळ आडवी झाली. डोलकाठी पाण्यात, पोट वर.

नाखवा टबावर वाकून बघत होता. "नवरी झोपली रं," तो म्हणाला. मग माझं तोंड बघून त्याने होडी उचलली आणि कानाशी हलवून बघितली. जाताना दारात उभा राहून म्हणाला, "येक थेंब आत गेला नाय पन. सांधे चांगले केलेस." त्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे खूप झालं. पण अट तशीच होती. पौर्णिमा त्याच आठवड्यात होती.

मी होडी पुसली आणि जेवायला बसलो. जेवता जेवता हसू आलं. खोक्यातली होडी कपाटासाठी केलेली, तिला पोटात वजन कशाला देतील? रिकामी होडी कधी उभी राहते का? बाप खाडीत रिकामी होडी न्यायचा तेव्हा तळाला दगड ठेवायचा. नीरम म्हणतात त्याला. नीरम नसलं की होडीला कुशीवर पडायला वाऱ्याची झुळूक पुरते.

ताट तसंच ठेवून मी डेकला ब्लेडने चौकोन कापला. बागेतली खडी घालून बघितली, ती एका बाजूला सरकली. वाळू भरली, ती बरगड्यांमधून पसरली. मला चपटं, जड आणि जागचं न हलणारं काहीतरी हवं होतं.

ओट्याखाली बायकोची मासळीची पाटी होती. ती गेल्यापासून मी त्या बाजूला केरसुणीसुद्धा फिरवली नव्हती. पाटीत तिचा तराजू आणि लोखंडी वजनं. पुढे सगळ्यांनी काटे घेतले, आकडे दिसणारे. हिने नाही घेतला. गिऱ्हाईक म्हणायचं, मावशी, काटा घ्या की. ही म्हणायची, "माज्या हातावर भरवसा नसंल तर तिकडं जा, तिकडं लाइट लावून देतात." वजनांना अजून खवले चिकटलेले होते. मी ती धुतली नाहीत. बारीक वजनं एकेक करून डेकच्या चौकोनातून आत सोडली, दोन बरगड्यांच्या मध्ये एक, अशी. बसली. सुताराकडून मापाने करून आणल्यासारखी बसली.

टब अजून भरलेला होता. होडी ठेवली. ती जरा खाली गेली, डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली आणि उभी राहिली. मी बोटाने ढकललं. परत उभी राहिली. मी बाथरूमच्या पाटावर बसलो आणि पाणी थंड होतं तरी हात त्यातच ठेवून रडलो. एवढंच रडलो, स्मशानातही रडलो नव्हतो. मग उठून ताट संपवलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मुलीचा फोन आला.

"बाबा, सासूबाई म्हणतात, वर्ष व्हायचंय अजून. यंदा सण नसतो."

"सण कोण करतंय? नारळीभात नाही, गोडधोड नाही. होडी पाण्यात घालतोय. नवी होडी ओटी भरल्याशिवाय पाण्यात घालत नाहीत. सासूबाईंना सांग, होडीला सुतक नसतं."

 मग ती म्हणाली, "आईचं काठपदराचं काढून ठेव. मला नेसायला."

दुपारी भरती होती. जेटीवर ताशा वाजत होता, होड्यांना झेंडे लावले होते. मी हातात होडी घेऊन चाललो तर लोक बघत होते. बघू देत. नाखव्याने पायरीवर आमच्यासाठी जागा केली. होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, मी जाड दोरा बांधला आणि तिला पाण्यावर सोडलं. टबाची गोष्ट वेगळी, इथे लाटा होत्या. एक लाट आली, होडी तिच्यावर चढली, पलीकडे उतरली, डुलली आणि उभी राहिली. नाखवा बघत होता, मी त्याच्याकडे बघत होतो.

"होडी हाय," तो म्हणाला. "भर गो बाय ओटी."

मुलीने हळद-कुंकू लावलं. चिमटीने तांदूळ ठेवले, खणाचा बोटभर तुकडा ठेवला. नारळ ठेवायला गेली तर नारळ होडीपेक्षा जड. ती माझ्याकडे बघून हसायला लागली, डोळ्यांतलं पाणी गालावर आणि हसू तोंडावर.

"बाबा, बुडेल ती."

"मग नारळ दर्याला दे. होडीला सुपारी ठेव."

तिने सुपारी ठेवली. नारळ पाण्यात सोडला आणि आई म्हणायची तसं पुटपुटली, ते मला ऐकू आलं नाही. मी ऐकायला गेलोही नाही.

मी दोरा ओढून होडी वर काढत होतो तेव्हा नाखवा तिला म्हणाला, "आता माजी पन भर. तुजी आय दरवर्षी भरायची." ती लुगड्याचा पदर खोचून त्याच्या होडीवर चढली. चढताना पाय कुठे ठेवायचा ते तिला कोणी सांगितलं नाही.

घरी येऊन होडी टीव्हीशेजारी ठेवली. मुलगी म्हणाली, "बाबा, ती वजनं काढून ठेव, आतून गंज चढेल."

"राहू दे," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी परत पाण्यात जायचंय तिला."

ती आत पाय धुवायला गेली. नळाचा आवाज आला आणि आतूनच ती मला ओरडून म्हणाली, "भरली हां बाबा, आपल्या होडीची."